मुलगा नुकताच १८ चा झालाय, मामा ३३०आय देतोय. घ्यावी का?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय त्यामुळे सांभाळून घ्या. मुलगा एप्रिलमध्ये १८ पूर्ण झाला, लगेच लर्निंग काढलं आणि गेल्या महिन्यात पक्कं लायसनपण हातात आलं. ऑगस्टपासून तो इंजिनिअरिंगला पुण्यात जाणार, हॉस्टेल नाही मिळालं म्हणून दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेतलाय. आता खरा विषय. माझा मेहुणा, म्हणजे पोराचा मामा, ठाण्याला असतो आणि त्याच्याकडे २०२० ची बीएमडब्ल्यू ३३०आय आहे, ती काढून तो नवीन एसयूव्ही घेतोय. एक्स्चेंजला जे मिळणार त्यापेक्षाही कमी किमतीत भाच्याला देतो म्हणतोय, थोडक्यात गिफ्टच. पोरगं त्या दिवसापासून जमिनीवर नाहीये.

सध्या घरात जुनी डिझेल स्विफ्ट आहे, ७५ पीएसची (पीएस म्हणजे इंजिनची ताकद, साधारण हॉर्सपॉवरच), तिच्यावरच तो शिकला. दुसरा पर्याय म्हणजे तेवढ्याच पैशात फोक्सवॅगनची नवी व्हर्टस घ्यायची, त्याला १.५ लिटर इंजिनची जीटी हवी, मला १.० लिटरची पुरेशी वाटते. बायकोचं म्हणणं एकच, स्विफ्ट ने नाहीतर पीएमटीने जा. पोराचं म्हणणं असं की बाबा, मोठ्या गाडीला ब्रेक चांगले, एअरबॅग जास्त, रस्त्याला धरून चालते, त्यामुळे ती स्विफ्टपेक्षा सेफच आहे, आणि ओव्हरटेक करताना ताकद असली की पटकन पुढे निघता येतं. मला हे सगळं अगदीच चूक वाटत नाही आणि पटतही नाहीये, नक्की कुठे खटकतंय ते सांगता येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. नाशिक-पुणे ये-जा महिन्यातून दोनदा तरी होईल.

घाटवेडा

काका, गाडी मस्तच आहे, मिळत असेल तर तुम्ही घ्या आणि तुम्ही चालवा :) पोराला आत्ता नको.

कारण सांगतो. ३३०आय म्हणजे २ लिटर टर्बो पेट्रोल, २५८ पीएस, ४०० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, आणि हा टॉर्क दीड हजार आरपीएमच्या जरा वरच पूर्ण हजर असतो. ०-१०० पावणेसहा सेकंदात. तुमची स्विफ्ट त्यात साठपर्यंत जेमतेम पोचत असेल. वरून रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे ताकद मागच्या चाकांना. स्विफ्टमध्ये वळणावर जास्त रेटलं तर गाडी नाकाने बाहेर जाते, माणूस घाबरून पाय काढतो आणि गाडी आपोआप लायनीवर येते. रिअर व्हीलमध्ये ओल्या रस्त्यावर वळणातच पाय दाबला तर मागचा भाग निघतो, आणि तिथे घाबरून एकदम पाय काढला तर अजूनच बिघडतं. स्टॅबिलिटी कंट्रोल आहे (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा), ते सांभाळून घेतं, नव्वद टक्के वेळा तुम्हाला कळतही नाही की त्याने वाचवलं. पण स्पोर्ट प्लस मोडला तेच सिस्टीम थोडं सैल सोडते, आणि १८ वर्षांचं पोरगं मित्र शेजारी बसलेला असताना कम्फर्ट मोडमध्ये चालवणार आहे असं तुम्हाला खरंच वाटतं का.

पण माझ्या मते ताकद ही दुसऱ्या नंबरची गोष्ट. पहिली गोष्ट म्हणजे या गाडीत वेग कळतच नाही. स्विफ्ट शंभरला गेली की आवाज, थरथर, वारा, सगळं सांगतं की बाबा आता बास. ३३०आय १३० ला ड्रॉइंग रूमसारखी शांत असते. अनुभवी माणूस काट्याकडे बघतो, नवीन माणूस कानाने वेग मोजतो, आणि या गाडीत कान फसवतात. २०१९ च्या जुलैपासून सगळ्या नव्या गाड्यांना ८० च्या वर बीप आणि १२० च्या वर अखंड बीप सक्तीचा आहे ना, तो का आहे ते यातच आलं. (आणि कॉलेजची पोरं सगळ्यात आधी तोच काढून टाकायला बघतात, हा भाग वेगळा.)

ओव्हरटेकचा मुद्दा पोरगं हुशारीने मांडतंय पण अर्धा. ताकद असली की समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहावं लागतं, हे शंभर टक्के खरं. पण होतं काय की ताकद आहे म्हणून माणूस त्याच जागेत सेफपणे ओव्हरटेक करत नाही, तर जिथे स्विफ्टमध्ये तो थांबला असता अशा छोट्या जागेत घुसतो. नाशिक-पुणे रोड माहितीये ना, नारायणगावच्या पुढे राजगुरूनगर-चाकण पट्ट्यात ट्रॅक्टर राँग साइडने येतो, मधे कुठूनही कट, बाइकवाले. समोरून येणाऱ्याचा वेग मोजायला शिकायला दोन-तीन वर्षं जातात आणि त्याला गाडीच्या पीएसचा काही उपयोग नाही.

गॅरेजवाला_सातारा

वरचं सगळं बरोबर. मी खर्चाचं सांगतो. पाच वर्षं जुनी झाली म्हणजे टायर बदलायला आले, ते रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतात, एकाचा खर्च ऐकून तुम्ही खुर्ची शोधाल. पुण्यातले स्पीडब्रेकर आणि खड्डे बघता लो प्रोफाइल, म्हणजे पातळ कडेच्या टायरला फुगा येणारच. पोरगं घरी सांगणार नाही, तसंच चालवणार. फुगा आलेल्या टायरवर १२० म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे नवशिक्यांच्या ज्या गाड्या येतात त्यातल्या बहुतेक डाव्या बाजूला घासलेल्या असतात. वेगाने नाही हो, अंदाज न आल्यामुळे. स्विफ्टचा डावा दरवाजा आठ-दहा हजारात होतो. त्या गाडीचा नाही होत.

एकटा_जीव_कर्वेनगर

काका मी स्वतः २० चा आहे, पुण्यात थर्ड इयरला, त्यामुळे जरा दुसरी बाजू.

पहिलं म्हणजे जुनी स्विफ्ट देऊन पोराला सेफ केलं असं समजू नका. जुन्या बेस मॉडेलला बऱ्याचदा एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, स्टॅबिलिटी कंट्रोल तर नाहीच. तुमच्या गाडीला काय काय आहे ते आधी बघा. घरोघरी हाच हिशोब असतो, शिकेपर्यंत जुना डबा, मग चांगली गाडी, म्हणजे ठोकायची शक्यता सगळ्यात जास्त तेव्हाच सगळ्यात कमकुवत गाडी. हा उलटा कारभार आहे. व्हर्टसला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२३ ला पाच स्टार मिळालेत, मोठ्यांनाही आणि मुलांच्या सीटलाही, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल सगळ्या व्हेरिएंटला आहे. १.० टीएसआय पण काही मरतुकडी नाहीये, ११५ पीएस आणि १७८ एनएम, टोलनाक्यातून निघताना गाडी बऱ्यापैकी ओढते. १.५ जीटीचे १५० पीएस होतात. मला विचाराल तर १.० घ्या आणि पोराने त्यात नाक मुरडलं तर त्याला सांगा पीएमपीचा पास काढ.

दुसरं, आणि हे घरच्यांना कळतच नाही. फ्लॅटवर एकाकडे गाडी असली की ती त्याची नसते, सगळ्यांची असते. रात्री साडेबाराला कोणाला तरी भूक लागते, मग 'चल रे लोणावळा', मग पाच जण, मागे चौघं बसले तरी चालतंय, मग बोगद्यात काच खाली करून आवाज काढायचा. नाही म्हटलं की भाव खातो म्हणतात. स्विफ्ट असली तरी हे होणार आहे, पण बीएमडब्ल्यू असली की 'दाखव ना यार पिकअप' हे रोज होणार. मित्रांना दाखवायची गोष्ट ती गाडी असते, तुमचा पोरगा फक्त ड्रायव्हर.

सिडनीची_ताई

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये असतो, मोठा मुलगा आता ग्रीन पी वर आहे (पक्क्या लायसनआधी नवशिक्यांचे दोन टप्पे असतात, आधी रेड पी मग ग्रीन पी, गाडीला तशी पी-प्लेट लावायची), धाकटी लर्नर. इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर चक्क कायद्यात लिहून ठेवलंय म्हणून सांगते.

नवशिक्याला जोरदार गाडी चालवायला इथे बंदीच आहे. पूर्वी नियम सिलिंडर आणि टर्बोवर होता, व्ही८ नको, टर्बो नको असा, पण मग साध्या घरगुती गाड्याही टर्बो यायला लागल्या तेव्हा २०१४ पासून हिशोब बदलला. आता गाडीची ताकद भागिले वजन, आणि ते टनामागे १३० किलोवॅटच्या वर गेलं की पी-प्लेटवाल्याला ती गाडी चालवता येत नाही. इंजिनात फेरफार करून ताकद वाढवलेली असेल तरी नाही.

आता गंमत बघा. तुमच्या व्हर्टस जीटीचे १५० पीएस म्हणजे ११० किलोवॅट, वजन सव्वा टनाच्या आसपास, म्हणजे टनामागे नव्वदसुद्धा नाही, आरामात पास. ३३०आय म्हणजे १९० किलोवॅट आणि वजन दीड टनाच्या थोडं वर, हिशोब १२० ते १३० च्या मध्ये कुठेतरी येतो. म्हणजे अगदी काठावर, पण आत! बीवायडी सील परफॉर्मन्ससारखी ५३० पीएसची इलेक्ट्रिक मात्र सरळ बाद. त्यामुळे कायदा चालवू देतो म्हणून मी मुलाला दिली असती का, तर नाही.

आणि खरं सांगायचं तर मला इथल्या नियमांत हा ताकदीचा नियम सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. बाकीचे बघा. १६ व्या वर्षी लर्नर मिळतं आणि मग १२० तास मोठ्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवायची, त्यातले २० तास रात्रीचे, प्रत्येक फेरी वहीत लिहायची आणि सही घ्यायची. आमच्या घरात त्या वहीवरून जी भांडणं झालीत ती विचारू नका, दूध आणायला जायचं तरी 'आई मी चालवतो'. मग रेड पी, वर्षभर ९० च्या वर जायचं नाही, रस्त्यावर ११० ची पाटी असली तरी. रात्री ११ ते पहाटे ५ गाडीत २१ च्या खालचा फक्त एकच जण बसवायचा. दारू शून्य, एक घोटसुद्धा नाही. फोन स्टँडला लावून ब्लूटूथवर बोलणंसुद्धा नाही. आणि नियम मोडला की लायसनवरचे पॉइंट जातात, रेड पी वाल्याकडे ते चारच असतात, कितीही थोडा वेग ओलांडला तरी किमान चार जातात, म्हणजे एकदा सापडला की तीन महिने बसने. मग दोन वर्षं ग्रीन पी, १०० ची मर्यादा.

वरच्या मुलाने जे लोणावळ्याचं लिहिलंय ना, तो अकराचा नियम बरोबर त्याच्यासाठीच केलाय. सरकार नाही करत तर तुम्ही घरात करा.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे तपशीलवार प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ताई, १२० तास वाचून मी बायकोला दाखवलं, आमच्या मुलाने ड्रायव्हिंग स्कूलचे रोज अर्धा तास असे काही दिवस आणि मग माझ्याबरोबर रविवारी गंगापूर धरणापर्यंत, बास. आणि आपल्याकडे लर्निंगनंतर तीस दिवसांनी टेस्ट देता येते, लायसन आलं की त्याच दिवशी ५०० पीएसची गाडीसुद्धा कायद्याने चालवू शकतो. हे आधी कधी डोक्यातच आलं नव्हतं. विम्यालाही काही फरक पडत नाही बहुतेक? एजंट फक्त मॉडेल आणि वर्ष विचारत होता.

मामाचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न आहे. तो मनापासून देतोय हो. नाही म्हटलं तर सासुरवाडीत वर्षभर ऐकावं लागेल.

घाटवेडा

विम्याचं बरोबर आहे. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो, जून २०२२ च्या दरांनी १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७. बाकीचा हप्ता गाडीच्या किमतीवर. चालवणारा १८ चा आहे की ५८ चा हे हप्ता ठरवताना फारसं कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये १८ वर्षांच्या पोराला ३३०आयचा विमा काढायला सांगा, हप्ता ऐकूनच गाडीचा नाद सुटतो, तिथे बापाला वाईट व्हावं लागत नाही. इथे ते काम तुम्हालाच करायचंय.

अजून एक, ही चर्चा बीएमडब्ल्यूपुरती नाहीये आता. चाकणला बनणारी महिंद्रा बीई ६ घ्या, मोठ्या बॅटरीवाली २८६ पीएसची आहे, ०-१०० पावणेसातच्या आत, रिअर व्हील, आणि किंमत ३० लाखांच्या आत. इलेक्ट्रिक असल्यामुळे टर्बो जागा होण्याची वाट बघायची गरज नाही, पाय ठेवला की सगळा टॉर्क. दहा वर्षांपूर्वी पोलो जीटीआय आली होती आपल्याकडे, १९२ पीएस, तेव्हा आम्ही तिच्याकडे तोंडात बोट घालून बघायचो. आता त्याच्या दीडपट ताकद 'फॅमिली कार' म्हणून घरात येते आणि रविवारी चावी पोराच्या हातात. हाय परफॉर्मन्स गाडी पोराला देऊ नये म्हणणारे किती बाप ही गाडी देताना विचार करणारेत?

रोखठोक_४११००४

सगळे इतके गोड बोलतायत म्हणून मी बोलतो. १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची केस विसरलात का? पोर्श टायकान, १७ वर्षांचा पोरगा, बाइकवरचे दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. आणि मग ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन. आणि हे साहेब विचारतायत बीएमडब्ल्यू देऊ का. लोकांना पैसा कुठे ठेवायचा कळत नाही.

एकटा_जीव_कर्वेनगर

@रोखठोक, सर, ती केस वेगळी आहे ना पण. तिथे मुलगा अल्पवयीन होता, लायसन नव्हतं, दारूचा आरोप, गाडीचं रजिस्ट्रेशन पूर्ण झालेलं नव्हतं. काकांचा मुलगा १८ पूर्ण आहे, लायसन आहे, आणि काका द्यायच्या आधी विचारतायत. जो बाप विचारतोय त्यालाच झोडायचं आणि जे विचारत नाहीत ते मोकळे.

रोखठोक_४११००४

वेगळी आहे मान्य. पण मधल्या रात्री, जोरदार गाडी, मागे मित्र, यातलं काय वेगळं आहे सांगा. लायसन आलं म्हणून १७ चा पोरगा एका वाढदिवसात शहाणा होत नाही. कायदा काय म्हणतो तेही लिहून ठेवतो, कारण धाकटा भाऊ असेल तर उपयोगी पडेल. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं, अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि त्या पोराला २५ व्या वर्षापर्यंत लायसन नाही. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी यातलं काहीच लागू नाही. म्हणून म्हणतो.

क्लचताई_सांगली

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, त्यामुळे हा धागा माझाच म्हणा. गंगापूररोडकर, गाडी कोणती घ्यायची ते वरच्यांनी सांगितलं, मी पण १.० च म्हणेन, रंग पांढरा घ्या रात्री दिसतो. पण लायसनसाठी आम्ही जे शिकवतो ते आणि हायवेला लागतं ते, यात फार अंतर आहे. आम्ही ट्रॅकवर एच, आठचा आकडा आणि चढावर गाडी थांबवून उचलणं करून घेतो. सगळं वीसच्या आतलं. ८० ला समोर म्हैस आली तर काय करायचं हे कोणत्याच टेस्टमध्ये नाही.

मुलाला घेऊन एखाद्या मोकळ्या खाजगी मैदानावर जा, परवानगी काढून, आणि त्याला ४० ला पूर्ण ब्रेक मारायला लावा. पूर्ण म्हणजे पेडल तळाला टेकेपर्यंत. बघा काय होतं ते. एबीएस सुरू झालं की पेडल पायाखाली थरथरतं, कट-कट आवाज येतो आणि दहातली आठ मुलं घाबरून पाय उचलतात, त्यांना वाटतं काहीतरी तुटलं. म्हणजे गाडीत एबीएस आहे पण ऐनवेळी तो वापरलाच जाणार नाही. ही भीती मैदानात जायला हवी. मग ६० ला तेच, मग ब्रेक दाबलेला ठेवून स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवायचा, कारण एबीएसचा खरा फायदा तोच आहे, ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळते. मग हेच पाणी मारून. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा काय होतं ते मुलाला तोंडी सांगून कळत नाही.

अंतराचं गणित पोरांना आवडतं म्हणून मी ते सांगते. १०० च्या वेगाने सेकंदाला २८ मीटर जातो आपण. बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ४२ मीटर गेले, अजून ब्रेक लागलेलाच नाही. ८० वरून १०० ला गेलं तर वेग पावपटीने वाढतो पण थांबवायची ऊर्जा दीडपटीच्या वर जाते. बीएमडब्ल्यूचे ब्रेक कितीही चांगले असू देत, हे पहिले ४२ मीटर तिच्यातही तेवढेच.

घाटाचं एक. चंदनापुरी घाट असो नाहीतर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ट्रकवाले सांगतात ते ऑटोमॅटिकलाही लागू आहे, मॅन्युअल मोडला टाकून गिअर खाली घ्यायचा. नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रल करून येणारे ट्रक ब्रेक तापून कसे मागून आदळतात ते पुणेकरांना सांगायला नको, म्हणून तिथे पोराला शिकवा की आरशात बघत राहायचं, पुढे जागा सोडायची, आणि ट्रकच्या पुढ्यात रेंगाळायचं नाही.

आणि मागच्या सीटचा बेल्ट. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले, मर्सिडीज होती, मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता आणि ते दोघेच गेले, पुढचे वाचले. महागातली महाग गाडी मागच्या बेल्टशिवाय काही करू शकत नाही. मित्रांना मागे बेल्ट लावायला सांगायची लाज वाटत असेल तर गाडी चालवायची तयारी नाही झाली अजून.

सिडनीची_ताई

+१ क्लचताई. पाणी मारून ब्रेकचं तर आमच्या मुलाने पण केलं नव्हतं, धाकटीला नक्की करायला लावते.

एकटा_जीव_कर्वेनगर

ताई भारी लिहिलंय. काका, तुमच्या मुलाला खरंच वेगाचीच आवड असेल (गाडी दाखवायची नाही) तर त्याला कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंगला घेऊन जा. मॉलमधलं खेळण्यातलं नाही, खरं कार्टिंग. तिथे स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, मागचा भाग कधी सुटतो आणि कसा धरायचा ते अंगाला कळतं आणि चुकलं तर टायरच्या भिंतीत. पुढे अजूनच आवड राहिली तर कोइमतूरचा कारी ट्रॅक, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, तिथे रेसिंग स्कूल असतात. माझा एक मित्र जाऊन आला, आल्यापासून रस्त्यावर चक्क सावकाश चालवतो, म्हणतो की इथे मजाच येत नाही.

गॅरेजवाला_सातारा

तुझा मित्र अपवाद हाय भावा. आमच्याकडे एक ट्रॅकवरून आला आणि दुसऱ्या आठवड्यात खंबाटकीत गाडी घातली डिव्हायडरला. कार्टिंग करा पण ते औषध नाही.

गंगापूररोडकर

काल रात्री घरात बैठक झाली, मामा व्हिडिओ कॉलवर. सिडनीच्या ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, पोरगं लगेच म्हणालं बघा तिथेसुद्धा ३३०आय चालते, १३० च्या आत आहे! पुढचं मी वाचतोय तोवर आईने मोबाइल घेऊन ९० आणि रात्री ११ वाल्या ओळी दोनदा वाचल्या. मग जरा शांतता.

सध्या ठरलंय ते असं. ३३०आय घ्यायची, पण माझ्या नावावर, आणि ती नाशिकलाच राहणार. (मामा खूश. खरं सांगायचं तर मीपण खूश, हसू नका.) पोरगं घरी येईल तेव्हा मी शेजारी बसलो तरच हात लावायचा, मोड कम्फर्टच. पुण्याला पहिलं वर्ष गाडी नाहीच. दुसऱ्या वर्षी १.० व्हर्टस, तोपर्यंत स्विफ्टवर माझ्याबरोबर वही भरायची, १२० नाही जमणार पण ६० तास तरी, त्यात रात्रीचे आणि पावसातले वेगळे. स्विफ्टला एबीएस आहे, काल मॅन्युअल काढून बघितलं, एअरबॅग दोन आहेत. गाडी दिल्यावर ॲपमध्ये वेगाचा आणि हद्दीचा अलर्ट लावायचा का यावरून मात्र वाद झाला, पोरगं म्हणतं मग विश्वास कसला. त्याचं पूर्ण चूकही वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी लावलाय का?

सिडनीची_ताई

आम्ही लावला होता पहिलं वर्ष. पण त्याला सांगून लावला, आणि ठरवलं की रोज बघायचं नाही, फक्त अलर्ट आला तरच बोलायचं. आणि मर्यादा त्यालाच ठरवायला लावली. त्याने आमच्यापेक्षा कमीच ठेवली होती.

रोखठोक_४११००४

वर्षभर ३३०आय नाशिकला उभी आणि चावी घरातच ना? मग चावी कपाटात ठेवा आणि कपाटाची चावी बायकोकडे द्या.

क्लचताई_सांगली

😀 रोखठोकांशी पहिल्यांदाच सहमत. गंगापूररोडकर, ६० तासांतले पहिले दहा तरी तुम्ही शेजारी बसू नका, दुसऱ्या कोणाला बसवा. बाप शेजारी असला की मुलगं रस्ता बघत नाही, बापाचा चेहरा बघत चालवतं. मैदानावरच्या ब्रेकसाठी स्विफ्टचे टायर आधी चेक करा, चार वर्षांपेक्षा जुने असतील तर बदलून मगच जा.

गंगापूररोडकर

टायर २०१९ चे निघाले. उद्याच बदलतो.